रेडा पाण्यात बसला

अप्पाला डावीकडचं दिसत नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं. अप्पाला कुणाचंच काही दिसत नाही, असं आई लग्नापासून सांगत आली होती. अप्पाने दोघांनाही सारखाच भाव दिला, म्हणजे काडीचा नाही.

काचबिंदू. नाव असं की एखाद्या बाईने हौसेने अंगठीत बसवून घ्यावं. तपासणीला एका यंत्रात हनुवटी टेकवायची, आत कुठे ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. अप्पा असा दाबत सुटला की जणू लिफ्ट अडकलीय. ठिपका असो नसो, अंगठा चालू. डॉक्टरने निकालाचा कागद बघितला, मग अप्पाकडे बघितलं.

"आजोबा, तुम्ही न चमकलेले ठिपकेसुद्धा बघितलेत."

"मग? तुमच्या यंत्रापेक्षा मला जास्त दिसतंय."

तपासणी पुन्हा झाली. या वेळी मुलगी शेजारी उभी राहिली, त्यामुळे अंगठ्याला लाज आली. डॉक्टर म्हणाला, नळीतून बघावं तसं तुम्ही बघताय. समोरचं स्वच्छ, कडेचं गेलंय, त्यातही डावीकडचं जास्त. औषधाने आहे तेवढं राहील, गेलेलं परत येणार नाही. गाडी चालवणं बंद.

"गाडी समोरच जाते ना?" अप्पा म्हणाला. "का तुमची आडवी जाते? टांग्याच्या घोड्याला तर मुद्दाम झापडं लावतात, नीट चालावं म्हणून. मला फुकटात लागली."

डॉक्टरने पुढच्या पेशंटला आत बोलावलं. शिकलेला माणूस, कुठे थांबायचं ते त्याला कळतं. घरच्यांना ती सोय नसते.

मुलीला अप्पा मास्तरीण म्हणायचा. चिडवायला म्हणून सुरू केलेलं नाव, पुढे गल्लीने उचललं. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. स्कूल म्हणजे काय, तर एक गाळा, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा मळलेला तक्ता, कुरकुरणारा पंखा, आणि बाहेर टपावर पाटी ठोकलेली एक चिमुकली गाडी. असल्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. मास्तरीण आजवर जिवंत होती ती त्या ब्रेकच्या कृपेने. बँकेतले साहेब, लग्न ठरलेल्या मुली, निवृत्त प्राध्यापक, सगळ्यांनी तिला मारायचा प्रामाणिक प्रयत्न करून झाला होता. म्हणून पहिल्याच दिवशी ती शिकाऊ माणसाला एक मंत्र द्यायची: मी 'बस' म्हटलं की पाय ब्रेकवर. का, कशाला, कुठे, काही विचारायचं नाही. बस म्हणजे ब्रेक. हा मंत्र तिने इतक्या जणांकडून घोकून घेतला होता की जेवताना कुणी वाढणाऱ्याला "बस, बस" म्हटलं तरी टेबलाखाली तिचा पाय दाबला जायचा.

अख्ख्या शहराला गाडी शिकवणारी ही बाई, आणि बापाच्या गाडीच्या स्टेअरिंगला हात लावायची तिला बंदी. बंदी सगळ्यांनाच होती. तिच्या दादाला होती, तिच्या नवऱ्याला होती. नवऱ्याने एकदा नुसता हॉर्न वाजवून बघितला, तर अप्पा त्याच्याशी दिवाळखोर माणसाशी बोलावं तसं बोलला, ते आजतागायत.

गाडी म्हणजे जुनी जीप. अप्पा पूर्वी वीज खात्यात लाइनमन होता. डोंगरातून जाणाऱ्या मोठ्या तारा त्याच्याकडे. बिघाड झाला की जीप काढायची, मनोऱ्याखाली तंबू ठोकायचा आणि काम होईपर्यंत तिथेच राहायचं. खात्याने ती जीप भंगारात काढली, तेव्हा अप्पाने लिलावात उचलली आणि घरात न विचारता दारात आणून उभी केली. काळी, बोजड, नाकपुड्या फुगवल्यासारखी पुढची जाळी, आणि चालू होताना असा खाकरायची की पलीकडच्या गल्लीतली पोरं उठायची. आई दारात आली, बघितलं, म्हणाली, "हा कुठला रेडा आणलात?" झालं, बारसं झालं. पुढे आई असंही म्हणायची की रेड्यावर बसून फिरणारा एकच असतो, आणि तो न्यायला येतो.

गेल्या महिन्यात तो जवळजवळ आलाच होता. रेड्याच्या डाव्या आरशाने गल्लीतल्या एका बाईच्या हातातली पिशवी उडवली. कडेवर तिचं तान्हं होतं. पिशवी उजव्या हातात होती आणि पोर डाव्या कडेवर, एवढंच काय ते नशीब.

"बाई आली कुठून?" अप्पा म्हणाला.

बाई कुठून आली नव्हती. बाई भिंतीला टेकून उभी होती.

मग घरात जे व्हायचं ते झालं. आई बोलायची बंद झाली. दादाने किल्ली लपवली, तर अप्पाने खालून दोन तारा ओढून गाडी चालू केली. लाइनमनपासून किल्ली लपवणं म्हणजे माशापासून छत्री लपवणं. दादा म्हणाला, चाकातली हवा सोडतो. अप्पा म्हणाला, मी तुझी सोडेन.

शेवटी पैज अप्पानेच मांडली. डोंगरातल्या जुन्या मुक्कामाच्या जागी रेडा घेऊन जायचं, एक रात्र तंबूत काढायची आणि परत यायचं. पंच म्हणून मास्तरीण सोबत. त्याच्या हातून कशालाही धक्का लागला नाही तर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही. लागला तर स्टेअरिंग सोडलं.

हा शुद्ध गाढवपणा होता. माणसाला दिसत नाही म्हणून गाडी बंद करायची, आणि दिसतं की नाही हे गाडी चालवून ठरवायचं! मास्तरणीला ते कळत होतं. असल्या सोयीच्या वाकड्या हिशोबांवरच घरं चालतात आणि पडतात, हेही कळत होतं. पण किल्ली लपवून झाली, कागद दाखवून झाले, रडून झालं. उरला होता फक्त अप्पाचा शब्द. माणूस हेकट, तोंडाळ, पण दिलेला शब्द त्याने कधी मोडला नव्हता, बहुतेक हेकटपणामुळेच. तेव्हा तिला अप्पा हरायला हवा होता. फक्त त्या हरण्यात कुणी मरता कामा नये, एवढीच तिची अट, आणि ती कुणाला सांगायची हे तिला कळत नव्हतं.

उजाडायच्या वेळी निघाले. रस्ता रिकामा, वेग बैलगाडीचा, आणि डावीकडचं सगळं मास्तरीण सांगणार, असं ठरलं होतं. तंबू, पाणी, अंडी, पाव, कांदे, रॉकेलचा स्टोव्ह, सगळं मागे कोंबलेलं. हल्ली लोक पैसे मोजून उघड्यावर झोपायला जातात, त्याला कॅम्पिंग म्हणतात, जाळीच्या खुर्चीत बसून चांदण्यांचे फोटो काढतात. अप्पाच्या आयुष्यात त्याला ड्यूटी म्हणायचे आणि भत्ता वेळेवर मिळायचा नाही.

"डावीकडे सायकल," मास्तरीण म्हणाली.

"दिसली."

"कुठल्या रंगाची?"

"सायकलच्या रंगाची."

"अप्पा, बाई होती का बुवा?"

"तू काय जनगणना करायला आलीयस?"

तिचा पाय एकसारखा खालचा पत्रा दाबत होता. ब्रेक तिथे नव्हता, पण पायाला कोण सांगणार. प्रत्येक वळणाला, प्रत्येक कुत्र्याला, प्रत्येक मैलाच्या दगडाला पत्रा कण्हायचा.

"भोक पाडशील," अप्पा म्हणाला. "मग तू पळत ये खालून."

आणि खरं सांगायचं, तर बाप गाडी सुंदर चालवत होता. घाटात गिअर असा बदलायचा की रेड्याला कळायचंही नाही. समोरचा खड्डा त्याला तिच्या आधी दिसायचा. उजवीकडून ट्रक आला की अलगद जागा द्यायचा. तिच्याकडे शिकायला येणाऱ्या शंभरांत एकालाही असा हात नव्हता. तिला वाटून गेलं की डॉक्टर, दादा, आई, आपण, सगळे मिळून एका माणसाला कोपऱ्यात गाठतोय. तेवढ्यात डावीकडे शेळ्या आल्या. तिने "शेळ्या" म्हटलं, अप्पा "दिसल्या" म्हणाला, आणि रेडा आहे त्याच रेषेत, आहे त्याच वेगाने पुढे गेला. शेवटची शेळी काय ते स्वतःच्या अकलेने वाचली. अप्पाच्या मानेची शीरसुद्धा हलली नव्हती.

उन्हं चढल्यावर डांबर संपलं, मग खडी संपली, मग रस्ता म्हणायला जे होतं तेही संपलं आणि ओढा आडवा आला. पलीकडच्या काठावर टेकाड, टेकाडावर जुना मनोरा, त्याच्या पायथ्याशी मुक्कामाची जागा. पाणी गुडघ्याएवढं, तळाला गोटे.

अप्पाने रेडा थांबवला. पँट गुडघ्याच्या वर दुमडली, एक काठी शोधली.

"मी पुढे चालतो, तळ बघत. दगड हलवावे लागतील."

"मी चालते ना पुढे."

"तुला काय कळतंय तळातलं? एक दगड खालून लागला तर पोट फाटेल त्याचं." मग तो खाली उतरला, आपल्या सीटवर थाप मारली आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "बस."

मास्तरणीला आधी कळलंच नाही.

"कुठे?"

"माझ्या डोक्यावर. अगं, स्टेअरिंगवर बस. पहिला गिअर, हळू, मी चालतो त्याच्या मागून. आणि पाण्यात थांबायचं नाही. काय वाट्टेल ते झालं तरी पाण्यात थांबायचं नाही. थांबलीस की संपलं."

ती सरकून त्या सीटवर बसली. चाळिशीला टेकलेली बाई, पण पहिल्यांदा झोपाळ्यावर बसलेल्या पोरीने दोर धरावेत तसं तिने स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरलं. स्टेअरिंग पातळ, गुळगुळीत, अप्पाच्या तळव्यांनी झिजलेलं. क्लच दाबायला अर्धं शरीर लागलं. रेडा पाण्यात उतरला, चाकांशी पाणी खळखळलं. समोर अप्पा काठी टोचत, पाय चाचपत, मागे हात हलवून "ये, ये" करत चाललेला. ओढ्याच्या मध्यावर तो एक गोटा बाजूला करायला वाकला आणि बॉनेटच्या आड गायब झाला.

बाप चाकाखाली घालते की काय आता! ती सीटवरून अर्धी उठली, मान काढून पुढे बघायला लागली. उठताना पाय थोडा जास्त दाबला गेला, रेडा उसळला. अप्पा बॉनेटपलीकडून ताठ उभा राहिला, बघितलं तर पोरगी सीट सोडून लोंबकळतेय. तो बेंबीच्या देठापासून ओरडला,

"बस! बस! बस!"

आणि मास्तरणीने ब्रेक मारला.

विचार नाही, काही नाही. एवढ्या वर्षांचा पाय. रेडा जागच्या जागी थांबला, एकदा खाकरला, दोनदा शिंकला, पंख्याने इंजिनावर पाणी उडवलं, आणि सगळं शांत झालं. एक बेडूक तेवढा बोलत होता.

"थांबलीस का?" अप्पा हळूच म्हणाला. त्याचा हळू आवाज ओरडण्यापेक्षा वाईट.

"तुम्ही बस म्हणालात!"

"हो, म्हणालो! खाली बस! उठलीस कशाला?"

"बस म्हणजे थांब!"

"थांब म्हणजे थांब! बस म्हणजे बस! तुला जन्म दिल्यापासून मराठी बोलतोय मी!"

"गाडीत बस म्हणजे ब्रेक असतो, अप्पा!"

"कुणाच्या गाडीत?"

"माझ्या!"

"ही तुझी आहे?"

अप्पा कमरेवर हात ठेवून पाण्यात उभा होता, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर एक असला घाणेरडा आनंद पसरला की मास्तरणीला तो वाढदिवसालाही कधी दिसला नव्हता.

"रेडा पाण्यात बसला," तो म्हणाला. "मास्तरीणबाईंनी बसवला."

रेड्याला बाहेर काढायची युक्ती अप्पाकडे होतीच. पहिला गिअर तसाच ठेवून नुसता सेल्फ मारायचा; इंजिन नाही, सेल्फची मोटरच गाडी वीतभर ओढते. वीत वीत करत, कण्हत कुथत रेडा पलीकडच्या काठाला लागला आणि तिथेच बॅटरीने राम म्हटला. मनोऱ्यापर्यंत जाणं नव्हतं. तंबू काठावरच्या सपाटीला, रेड्याच्या डाव्या अंगाला पाचेक पावलांवर अप्पाने स्वतःच ठोकला, खुंट्या दगडाने ठोकून. तंबू एकापुरताच, तो मास्तरणीचा; अप्पा जीपच्या मागच्या भागात झोपणार. मग त्याने बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे ठिणगी वाटणाऱ्या डबीचं, भिजलेलं टोपण काढलं, अंगातला बनियन उतरवून त्याने ते आतून पुसलं आणि टोपण स्टोव्हशेजारी शेकायला ठेवलं. वर अंड्यांचा तवा, खाली इंजिनाचा भाग. उघड्या अंगाने पाव खात तो घरी काय सांगायचं याची तालीम करत होता.

"तुझ्या दादाला आधी सांगणार. म्हणणार, अरे, मला नळीतून दिसतं, हिला तर चहूकडचं दिसतं! तरी पाण्यात!"

"सांगा."

"मग तुझ्या आईला. आई काही बोलणार नाही, पण हसेल. फार दिवसांत हसली नाही ती. चांगलं काम केलंस तू."

"अप्पा, झालं?"

"नाही, मग तुझ्या शाळेत येतो. शिकाऊ लोकांना सांगतो, पोरांनो, ही बाई बस म्हणाली की उतरून पळा."

मास्तरणीने हातातला पाव तव्यात आपटला.

"पैज जिंकल्यातच जमा ना? जिंकलात. हसा. आणि घरी गेल्यावर एखाद्याचं पोर चिरडा, मग तिथे जाऊन सांगा हा विनोद. सकाळी शेळ्या गेल्या डावीकडून, दिसल्या म्हणालात. किती होत्या?"

"कोण मोजतंय?"

"होत्या का?"

अप्पाने कांद्याची फोड उचलली, खाल्ली नाही.

"तुमच्या मानेला कळलंसुद्धा नाही, अप्पा. मी बघत होते. शेळी मेली असती तर तुम्ही म्हणाला असता, शेळी आली कुठून. खोटं बोलता तुम्ही. बटणावर अंगठा दाबून यंत्राला फसवता, मला फसवता. दिसलं, दिसलं, दिसलं! काय दिसलं?"

स्टोव्ह फुरफुरत राहिला. ऊन ओढ्यावरून उतरून पलीकडे गेलं होतं. अप्पा बोलला तो टोपणाशी.

"अंगठा दाबत होतो कारण तो डॉक्टर कागदावर काळं काळं करत चालला होता. म्हटलं, दाबत राहिलो तर तेवढं तरी पांढरं राहील."

मास्तरणीने तव्यातला पाव उचलून बाजूला ठेवला.

"आणि सोडून करू काय? बाजूला बसू? बाजूला बसलेला माणूस म्हणजे सामान. न्यायचं, आणायचं, उतरवायचं. मनोऱ्यावर चढायचो तेव्हा खालचे लोक वर बघायचे. आता मी कुठे दिसतो कुणाला? गल्लीत रेडा खाकरला की चार माणसं म्हणतात, अप्पा निघाले. तेवढंच." त्याने कांदा तोंडात टाकला. "आणि माझा धक्का अजून कशाला लागलेला नाही, पैज जिंकल्यातच जमा आहे. शब्द म्हणजे शब्द. माझा मी पाळतो, तुम्ही तुमचा पाळा."

बाप हरला असता तर तिला भांडायची गरज नव्हती. आता तो जिंकल्यात जमा होता, आणि चूक निघाली होती ती पंचाच्याच पायाची. घरी जाऊन आईला काय सांगायचं? की मी रेडा बुडवला आणि आता अप्पा मरेपर्यंत तो गल्लीत फिरवणार? मास्तरीण तंबूत शिरली आणि पाठ फिरवून पडली. बाहेर अप्पा काहीतरी गुणगुणत बनियन पिळत होता.

सकाळी तिला जाग आली ती पोटाने. मोठ्या माणसांची मोठी दुःखं असतील, पोट कुणासाठी थांबत नाही. ती टमरेल घेऊन निघाली, पांघरूण तसंच माणूस झोपल्यासारखं गोळा करून पडलेलं. चढावर मोठे धोंडे होते, त्यांच्याआड बसली. तिथून काठ सगळा दिसत होता. ओढा, रेडा, तंबू. अप्पा उठला होता. टोपण बसवून झालं होतं. आता तो पुढे हँडल घालून इंजिन फिरवत होता, वाकायचा, फिरवायचा, शिवी घालायचा, पुन्हा वाकायचा. आणि एकदम रेडा खाकरला. निळा धूर उडाला. अप्पाने दोन्ही हात वर केले, बघायला कुणी नसताना. मास्तरणीला राग असूनही हसू आलं.

अप्पा सीटवर चढला. गाडी वळवून ओढ्याकडे तोंड करून ठेवावी, म्हणजे पोरगी उठेस्तोवर तयार, असं त्याच्या मनात असणार. त्याने समोर बघितलं, नीट बघितलं, स्टेअरिंग डावीकडे पिळलं आणि रेडा निघाला.

मास्तरणीला आधी वाटलं, तो थांबेल. तंबू त्यानेच ठोकला होता. काल संध्याकाळपासून तिथेच होता, निळा, डोळ्यात भरेल असा. रेडा वळत वळत आला आणि पुढचं चाक तंबूवर चढलं. आतली काठी मोडल्याचा आवाज वर धोंड्यांपर्यंत आला. मग मागचं चाक चढलं. चाकाखाली पांघरूण होतं, उशी होती, तिची पिशवी होती. रेडा जरासा हेलकावला, गोट्यावरून जावा तसा, आणि पुढे जाऊन थांबला.

अप्पाने हॉर्न वाजवला.

"मास्तरीण! ऊठ! ऐक आवाज! लोण्यासारखा चालतोय!"

पुन्हा हॉर्न.

"अगं, रुसलीस काय? ऊठ की!"

त्याने मान वळवली. त्याला आता कडेचं बघायला अख्खी मान फिरवावी लागायची. जिथे तंबू होता तिथे बघितलं. मग खाली. मग मागच्या चाकाकडे, जिथून निळं कापड बाहेर आलं होतं.

मास्तरीण ओरडली. आवाज रेड्याच्या धडधडीत विरला. खाली तिचा बाप जीपमधून उतरला नव्हता, पडला होता. गुडघ्यांवर जाऊन दोन्ही हातांनी पांघरूण ओढत होता, आणि त्याच्या तोंडातून जो आवाज येत होता तो तिने कधी ऐकलेला नव्हता. ती बाळ असताना तो तिला ज्या नावाने हाक मारायचा, जे नाव ती स्वतः विसरली होती, ते तो चाकाशी बोलत होता.

एका हाताने सलवार धरून, दुसऱ्या हातात टमरेल, ती धोंड्यांवरून घसरत, ठेचकाळत खाली आली.

"अप्पा! अप्पा, मी इकडे! अप्पा, इकडे बघा! मान वळवा!"

त्याने मान वळवली. बघितलं. पांघरूण हातातच होतं. मग ओरडला.

"कुठे तडमडली होतीस?"

"हगायला!"

अप्पाने तिच्याकडे बघितलं, टमरेलाकडे बघितलं. तो हसेल असं तिला वाटलं. ती स्वतः हसायच्याच बेतात होती, रडू येण्याआधी येतं ते हसू. पण अप्पा मातीत बसला आणि उठेना. रेडा आपला चालूच. शेवटी तिनेच हात घालून इंजिन बंद केलं.

"मला वाटलं मी तंबूपासून लांब वळतोय," तो म्हणाला. "अंदाज घेतला होता मी. तंबू... तू हलवलास का रात्री?"

ती त्याला खोटं सांगू शकली असती. हो म्हणाली असती तर बाप उठला असता, कपडे झटकले असते. तिने सलवारीची नाडी बांधली.

"नाही, अप्पा. तंबू होता तिथेच होता."

त्याने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला.

मग उठला. मोडलेल्या काठ्या, फाटलेलं कापड, पांघरूण, सगळं एकेक करून उचललं, मागे टाकलं. पिशवी झटकली. ती मदतीला आली तर कोपराने बाजूला सारलं. सगळं भरून झाल्यावर रेड्याच्या पुढून, जाळीवर हात ठेवत ठेवत, तो पलीकडे गेला, शेजारच्या सीटच्या दाराकडे.

मास्तरीण एक शब्द बोलली असती तर तो परत फिरला असता. ती मुकाट्याने स्टेअरिंगवर जाऊन बसली आणि समोर बघत राहिली.

दार खडखडलं. पुन्हा खडखडलं. मग लाथ बसली.

"हे उघडत नाही."

"उचला आणि कंबरेने ढकला."

"काय?"

"दार वर उचला, अप्पा, आणि कंबर मारा. तसंच उघडतं ते."

अप्पाने दार उचललं, कंबर मारली. दार भसकन उघडलं, तो आत कोसळता कोसळता वाचला. चढून सीटवर टेकला आणि टेकल्या टेकल्या उडाला.

"आईला! हे काय घुसलं?"

"स्प्रिंग आहे."

"कधीपासून?"

"मी शाळेत होते तेव्हापासून."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"आई सांगायची की. प्रत्येक वेळी सांगायची."

अप्पा जरा इकडे सरकला, टोचलं. जरा तिकडे सरकला, टोचलं. शेवटी मागून तंबूचं फाटकं कापड ओढलं, घडी केली, दुसरी घडी केली, ढुंगणाखाली सारली आणि त्यावर हळूच, एकेक बाजू टेकवत बसला. मास्तरीण खाली उतरून हँडल फिरवायला गेली. दुसऱ्या फिरकीला इंजिन लागलं. ती परत चढली, क्लच दाबला.

"पूर्ण दाब," अप्पा म्हणाला. "अर्धवट दाबलास की त्याला त्रास होतो."

"दाबलाय पूर्ण."

"आणखी थोडा उरलाय. आणखी. हां." त्याने दार आतून हाताने घट्ट धरून ठेवलं, कारण ते बंदही नीट होत नव्हतं. "घरी गेल्यावर आधी ही सीट काढून नीट करायची. स्प्रिंग, दार, दोन्ही. तुझी आई बसायच्या आत."